नऊ बादल्या हवेचं पाणी

"मामा, कूलरमध्ये दिवसाला किती बादल्या पाणी घालता?"

शिवकन्यानं हे विचारलं तेव्हा मी स्टुलावर चढून सहावी बादली ओतत होतो. मे महिना, दुपारचे बारा, शर्ट अंगाला चिकटलेला.

"नऊ," म्हणलं. "का? तुला आंघोळ करायचीय का त्यात?"

ती हसली नाही. तिनं वही उघडली आणि लिहून घेतलं, 'नऊ'. चौदा वर्षं मी त्या कॉलेजात पाणी वाहत होतो. माझ्या बादल्या कुणी मोजल्या नव्हत्या, वहीत लिहिणं तर लांबच राहिलं.

मी भुजंग सोनटक्के. आबासाहेबांच्या संस्थेच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. कॉलेजात शिपायाला सगळी पोरंपोरी मामा म्हणतात. काम असलं की मामा, काचेचं काही फुटलं की 'शिपायानं फोडलं'. चौदा वर्षं मी रोजंदारीवर होतो. दर सहा महिन्यांनी मला दोन दिवस घरी बसवायचे आणि तिसऱ्या दिवशी परत बोलवायचे, म्हणजे कागदावर माझी नोकरी सलग दिसायला नको. एवढी अक्कल त्यांनी विज्ञानात लावली असती तर काहीतरी झालं असतं.

त्या वर्षी मात्र योग आला होता. जुने तुकाराममामा रिटायर झाले आणि विभागात एक कायम जागा रिकामी झाली. माझी फाईल तयार होती. विभागप्रमुखाची शिफारशीची सही तेवढी बाकी होती, आणि ती फाईल दोन महिने विभागप्रमुखाच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होती. रोज सकाळी मी ते टेबल पुसायचो, फाईल उचलायचो, खालची धूळ पुसायचो आणि होती तशी परत ठेवायचो.

विभागप्रमुख म्हणजे डॉ. उमाकांत रायवाडीकर. या माणसानं स्वतःच्या हातात परीक्षानळी धरलेली मी चौदा वर्षांत दोनदा बघितली, आणि दोन्ही वेळेला समोर फोटोग्राफर होता. पण बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, ह्याच्याच परवानगीनं पाणी उकळतंय.

तर ह्या सरांच्या हाताखाली शिवकन्या केंद्रे पीएचडी करत होती. अहमदपूरकडची पोरगी, वडील एसटीत कंडक्टर. तीन वर्षं ती एकच पावडर बनवत होती. बनवायची ती, धुवायचो मी, नाव सरांचं. आणि पावडरीचं नाव ठेवलं होतं 'आबा-एक'. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं! देवळाला, शाळेला, चौकाला नाव देतात हे ऐकलं होतं. चिमूटभर पावडरीला नाव देऊन पाया पडणारा माणूस मी एकच बघितला.

ती पावडर कोरडी असली की गर्द जांभळी-निळी, आणि हवेतली ओल प्यायली की गुलाबी. तापवली की ओल सोडून परत निळी. कितीही वेळा करा. मला पहिल्यांदा बघून गंमत वाटली होती.

"आत काय असतं गं?" मी एकदा विचारलं होतं.

"लॉज समजा, मामा," शिवकन्या म्हणाली होती. "धातूचे खांब, मध्ये दांड्या, आणि सगळ्या खोल्या रिकाम्या. पाण्याचं गिऱ्हाईक येतं, खोलीत राहतं. ऊन लागलं की खोली सोडतं. लॉज पडत नाही."

"भाडं?"

"भाडं सर घेतात," ती म्हणाली. पोरगी तशी तिखट होती.

सरांनी एक शोधनिबंध लिहून बाहेरच्या एका मासिकाला पाठवला होता, की आमच्या भागातल्या कोरड्या ठणठणीत उन्हाळी हवेतून, जिच्यात शंभरात जेमतेम वीस दमटपणा असतो, तिच्यातून ही पावडर प्यायचं पाणी ओढते. निबंध छापून आला, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि आबासाहेबांनी गुरुवारी स्वतः येऊन 'हवेचं पाणी' पिऊन बघायचं कबूल केलं. जिल्ह्याच्या कार्यालयातले एक मोठे साहेबही येणार होते. पसंत पडलं तर टँकरच्या गावांना ही पावडर घातलेल्या काचेच्या पेट्या वाटायच्या.

आणि हिकडं शिवकन्या माझ्या बादल्या मोजत होती.

"मामा, एक काम कराल? सर जेवायला घरी गेले की केबिनमधलं दमटपणा मोजायचं मीटर दहा मिनिटं बाहेर आणाल?"

ते मीटर महागाचं. म्हणून ते डेडस्टॉकच्या रजिस्टरला चढवून सरांच्या केबिनमध्ये, त्यांच्या डिग्रीशेजारी भिंतीला लावलेलं. प्रयोगशाळेत ठेवलं तर पोरं फोडतील, मग चौकशी लागेल, सही कुणी करायची? त्यामुळं रोज सकाळी शिवकन्या केबिनच्या दारातून आकडा वाचायची आणि येऊन वहीत लिहायची. केबिनमध्ये एसी. प्रयोगशाळेत कूलर.

आता मी दहावी नापास. पण दारातून आत गेलं की ओठ फुटतात आणि बाहेर आलं की वाळत घातलेलं फडकं दोन दिवस वाळत नाही, एवढं मला कळत होतं. मी मीटर काढलं. भिंतीवर आकडा होता एकोणीस. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं आणि दोघं बघत उभे राहिलो. तीस झाले, पन्नास झाले, आणि शेवटी एकाहत्तरवर थांबलं.

शिवकन्या स्टुलावर मटकन बसली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मामा, तीन वर्षं मी तुमच्या कूलरचं पाणी मोजतेय."

"म्हणजे पावडर खोटी?"

"पावडर खरी आहे. पण ह्या लॉजवर रस्त्यात गर्दी असेल तरच गिऱ्हाईक चढतं. बाहेरच्या कोरड्या हवेत चिटपाखरू येत नाही. रविवारी कूलर बंद असतो तेव्हा वजन हलत नाही, मला वाटायचं काटा बिघडलाय." तिनं डोळे पुसले. "कोरड्या हवेतून ओढणाऱ्या पावडरी जगात आहेत, मामा. ही ती नाही."

मला हसूच आलं, काय करू! पीएचडी झालेले चार, होणारे सहा, आणि मी रोज हापशावरून नऊ बादल्या आणून ओतायच्या, त्यातलं चार चमचे पावडरीनं प्यायचं, आणि ह्यांनी टाळ्या वाजवायच्या, की हवेतून पाणी काढलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असंही नाही. हत्ती समोर उभा राहून घूं घूं करत होता आणि कुणाला दिसला नाही.

चार वाजता ती सरांकडं गेली. मी चहा घेऊन आत गेलो आणि कप ठेवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट लावला.

"कूलर?" सर म्हणाले. "केंद्रे, तुम्ही विज्ञान करताय का घरकाम?"

"सर, मीटर इथं आहे आणि पावडर तिथं. मी तिथं ठेवून बघितलं, एकाहत्तर..."

"कुणी काढलं मीटर?"

मी कपाच्या बशीकडं बघत राहिलो. शिवकन्या म्हणाली, "मीच काढलं, सर." तेवढं ती माझ्यासाठी खोटं बोलली. पुढं काय झालं ते ऐकताना हे ध्यानात ठेवा.

"असं बघा," सर खुर्चीत मागं टेकले. "निबंध छापून आलाय. परीक्षकांनी बघितलाय. ते काय येडे आहेत?"

"परीक्षकांना कूलर कसा दिसेल, सर?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते एकदम गोड झाले. ते गोड झाले की मला भीती वाटायची. "तुमच्या प्रबंधाचा सिनॉप्सिस माझ्याकडं आलाय ना? गुरुवार होऊ द्या. शुक्रवारी सही करून टाकू. तुमच्या वडिलांना किती आनंद होईल! आणि गुरुवारी पाहुण्यांसमोर माहिती तुम्हीच सांगायची."

ती गेल्यावर मला थांबवलं.

"भुजंग, गुरुवारी पहाटेपासून कूलर फुल पाहिजे. पाहुण्यांना उकडता कामा नये."

"हो सर."

"पाहुण्यांसाठी म्हणतोय मी."

"तेच म्हणलं, सर."

चोराच्या मनात चांदणं. तोवर मला वाटत होतं ह्याला कळलंच नाही. त्या एका वाक्यानं कळलं, की ह्याला कळलंय. त्यांनी पेपरवेट उचललं, माझी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"कार्यक्रम नीट पार पडला की संध्याकाळी ही सही. चौदा वर्षं झाली ना रे तुला? आमचं लक्ष असतं."

बुधवारी शिवकन्या मला जिन्याखाली गाठून म्हणाली, "मामा, उद्या फक्त कूलर भरू नका. मोटर बिघडली म्हणा. मला तोंडानं काही बोलावं लागणार नाही, काटाच बोलेल."

"आणि माझी फाईल?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"तुझं बरंय," मी म्हणलं. चिडलोच होतो मी. "तू आज ना उद्या दुसरीकडं जाशील, मास्तरीण होशील. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. कायम झालो नाही तर उद्या हे मला तिसऱ्या दिवशी परत बोलवायचं विसरतील, की संपलं. तुला खरं बोलायचंय ना? मग बोल की उद्या माईकवर! माझ्या बादलीत कशाला बसतेस?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी पहाटे पाचला मी कूलर काठोकाठ भरला.

नऊ वाजता काट्यावर काचेचा ट्रे ठेवला, त्यात दोनशे ग्रॅम आबा-एक, कोरडी, निळीजर्द. लाल आकडे लुकलुकत होते. आबासाहेब दहाला येणार होते, साडेअकराला आले. आणि तोवर काटा दोनशे सोळावर गेला होता, पावडरीच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. मागोमाग साहेब, संस्थेचे संचालक, तीन फोटोग्राफर, आणि कुठंही फुकट चहा असला की दिसणारी पंधरावीस माणसं. सरांनी सूट घातला होता. मे महिन्यात! माकडाच्या लग्नाला जातोय असं ध्यान दिसत होतं.

सर बोलायला लागले. कूलरचा घूं घूं आवाज. आबासाहेबांनी कानाला हात लावला.

"मास्तर, ते धूड बंद करा आधी. काही ऐकू येईना. आणि खिडक्या उघडा रे, परटाच्या भट्टीत बसल्यासारखं चिकचिक व्हायलंय. हवेचं पाणी बघायला आलोय, हवा तर येऊ द्या!"

एका कार्यकर्त्यानं उठून फटकन बटण बंद केलं. चार जणांनी चार खिडक्या उघडल्या. बाहेरची झळ आत आली, कोरडीठाक, तव्यावरची.

सर बोलत राहिले. मी दाराशी उभा राहून काटा बघत होतो. दोनशे सोळा पॉइंट दोन. तिथंच. पॉइंट दोन. मग पॉइंट एक. दोनशे सोळा. पंधरा पॉइंट आठ. पावडर ओल परत सोडायला लागली होती! गुलाबी कडा फिकट पडायला लागल्या.

साहेब जवळ वाकले. "डॉक्टर, आकडा कमी होतोय का?"

"थोडा... थोडा चढउतार असतो, सर. केंद्रे, सांगा ना जरा."

शिवकन्या पुढं आली. तोंड पांढरंफटक. तिनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा काट्याकडं. "सर, ह्याचं कारण असं आहे, की..." आणि तिनं श्वास घेतला.

त्या श्वासाएवढ्याच वेळात मला पेपरवेटखालची फाईल दिसली. चौदा वर्षं दिसली. आणि सर माझ्याकडं बघत होते. काही बोलले नाहीत, खूण केली नाही. कुणी मला काही सांगितलं नाही. हे मी स्वतःच्या अकलेनं केलं.

मी बादली उचलली, फडकं घेतलं आणि पुढं झालो. "सरकता का जरा, साहेब? लई धूळ आलीय खिडकीतनं." आणि खिडक्या लावून घेतल्या, खाली बसलो, आणि टेबलाभोवतीची फरशी पुसायला लागलो. फडकं पिळायचं नाही. तसंच गळतं, ओलंगच्च. टेबलाच्या खाली, पायांच्या मधून, भिंतीपर्यंत. आत आलेली झळ एवढी कडक की पुसलेलं पाणी बघता बघता उडून जायचं. एक बादली संपली, दुसरी आणली. पडदे धुळीचे झालेत म्हणून त्यांच्यावरही पाणी मारलं. वर चाळीस माणसांचा घाम आणि श्वास होताच.

"सांगा ना," साहेब म्हणाले.

"कारण असं, की..." शिवकन्या माझ्याकडं बघत होती. मी मान वर केली नाही.

"चढला! चढला बघा!" फोटोग्राफर ओरडला.

दोनशे सोळा. दोनशे सतरा. सर असे हसले की जणू स्वतः खाली बसून फुंकर मारत होते. केबिनमधून एक जण धावत आकडा वाचून आला, "एकोणीस, सर! दमटपणा फक्त एकोणीस!" टाळ्या. मी तिसऱ्यांदा फरशी पुसत होतो. दोनशे चोवीसला सगळा ट्रे गुलाबी झाला.

मग ट्रे काचेच्या पेटीत घालून गच्चीवर उन्हात नेला. पावडर निळी होत गेली, काचेवर दव धरलं आणि थेंब थेंब खालच्या नळीत उतरलं. चार चमचे. सरांनी ते चांदीच्या वाटीत घेतलं, आणि आबासाहेबांनी तीर्थ घ्यावं तसं हातावर घेऊन प्यायलं. डोळे मिटले.

"गोड आहे," आबासाहेब म्हणाले.

हापशाचं पाणी आमचं मचूळ. पण पावडर फक्त पाणी घेते, क्षार घेत नाही, म्हणून गोड लागलं असेल. किंवा त्यांना उगाच लागलं असेल.

खाली उतरताना आबासाहेब माझ्यापाशी थांबले. "हा गडी कोण? एवढी माणसं असताना फरशी पुसत होता. ह्याला म्हणतात निष्ठा! तुमच्यात कुणाला सुचलं का? गाव कुठलं रे तुझं?"

"उंबरदरी, साहेब."

"टँकर आहे?"

"आहे, साहेब. रोज एक खेप."

त्यांनी मोठ्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या पेट्या उंबरदरीला द्या. गरिबाच्या कष्टाचं चीज झालं पाहिजे."

सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही ओल्या हातानं नमस्कार केला.

संध्याकाळी सरांनी सही केली. पेनाचं टोपण काढलं, सही केली, आणि फाईल माझ्याकडं न बघता सरकवली. फरशीबद्दल एक अक्षर नाही. त्या माणसाला आभार मानायचीसुद्धा लाज वाटली, कारण आभार मानले असते तर कशाचे ते सांगावं लागलं असतं.

शिवकन्या प्रयोगशाळेत सामान भरत होती. सिनॉप्सिस तिनं परत मागून घेतला होता.

"कुठं चाललीस?"

"दुसरीकडं. परत पहिल्यापासून करीन." तिनं वही पिशवीत घातली. मग विचारलं, "मामा, आज फरशीला किती बादल्या?"

"पाच," म्हणलं.

तिनं वही परत काढली, उघडली, आणि लिहिलं. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. "काळजी घ्या," म्हणाली आणि गेली. पुढं चार वर्षांनी तिची पीएचडी झाली म्हणे, तिकडं पुण्याला. तो निबंध चुकीचा असल्याचं पत्रही तिनं छापून आणलं. सरांनी इथं सांगितलं, असूयेपोटी लिहिलंय. तोवर सर प्राचार्य झाले होते.

पेट्या मात्र लगेच पुढच्या उन्हाळ्यात लागल्या. उंबरदरीत बारा. कार्यक्रमाला मला बोलावलं होतं, मी ताप आलाय म्हणलं. एप्रिलच्या शेवटी मात्र जावंच लागलं. आक्कानं निरोप धाडला होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कौसाबाई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरीच राहिली, आणि सगळ्या गावाला पुरून उरली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन गेलो. वर्षभरात कायम झाल्याचे पेढे द्यायलासुद्धा मी गेलो नव्हतो.

दारात पेटी होती. काच लखलखीत.

"बस, भुज्या. तुझ्या कॉलेजाचं धन बघ," आक्का म्हणाली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. साहेब सांगून गेले, काच रोज पाण्यानं पुसायची. तांब्याभर पाणी मी तिला पाजते, तेव्हा ती मला कोरडी ठणठणीत राहून दाखवते."

"टँकर येतो ना पण?"

"कुठला? हवेचं पाणी आलं म्हणून कागदावर लिहिलं, टँकर आठवड्याला दोन खेपा केला. बाकीचे दिवस खालच्या दऱ्यातली विहीर. दीड कोस." ती अठ्ठावन्न वर्षांची होती तेव्हा. तिच्या मानेवर घागरीचा घट्टा पडलेला मला दिसला. "पण मी काही कच्ची नाही. मी ह्या पेटीची खोड शोधून काढलीय. ये, दाखवते."

तिनं मला मागं नेलं. न्हाणीच्या दगडाजवळ शेजारणीकडून मागून आणलेली पेटी उघडी ठेवली होती, भोवती पाणी सांडलेलं.

"दारात ठेवली तर शून्य. इथं न्हाणीत ठेवली, भोवती घागरभर पाणी सांडलं, वर पोतं टाकलं, आणि सकाळी उन्हात नेली, की तीन चमचे येतंय! आठ दिवसांत शोधलं मी. हाय का नाही हुशार तुझी बहीण?"

डॉ. रायवाडीकरांना तीन वर्षांत जे कळलं नाही, ते माझ्या अडाणी बहिणीनं आठ दिवसांत शोधलं होतं. मला थुंकावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना.

"पण मला एक सांग," आक्का पदरानं हात पुसत म्हणाली. "हे हवेचं कुठलं पाणी? हे तर माझंच की. घागर घालायची आणि तीन चमचे घ्यायचे. तुमच्या त्या आबासाहेबांनी म्हणं, सगळ्यांसमोर पिऊन बघितलं. मग तिथं कुणी सांडलं होतं पाणी?"

मी पेढ्याचा पुडा हातात धरून उभा होतो. सरांचं नाव घेता आलं असतं. आबासाहेबांचं, साहेबांचं. सगळी नावं तोंडात आली आणि सगळीच खरी होती.

"मी," म्हणलं.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. ती रागावली का, रडकुंडीला आली का, मला आजतागायत माहीत नाही. तिनं पुडा माझ्या हातातून घेतला, कोनाड्यात ठेवला, आणि कोपऱ्यातली रिकामी घागर उचलून माझ्या हातात दिली.

"चल मग," म्हणाली. "ऊन चढायच्या आत दोन खेपा होतील."

मी इस्त्रीचा शर्ट काढला आणि गेलो. त्या दिवशी दोन खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी रजा वाढवायला कॉलेजात फोन केला, तर नवा क्लार्क म्हणाला, टाका खुशाल, कायम माणसाला काय अडचण आहे?